वर गेल्यावर बूस्ट ‘कमी’ दिसतो? स्प्रिंग बदलण्याआधी गेजचा शून्य तपासा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्याचं उत्तर त्यातच दडलेलं आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कॅल्गरीत राहता, मागच्या मालकाने टर्बो किट बसवलेली जुनी ८५० टू-स्ट्रोक माउंटन स्लेड (डोंगरातल्या खोल बर्फात चालवायची स्नोमोबाइल) घेतलीत आणि तिच्यावर स्वतः एक डिजिटल बूस्ट गेज (टर्बो हवेला किती जास्तीचा दाब देतो ते दाखवणारं) आणून लावलंत. ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हलस्टोकला पार्किंगमधून निघालात की फुल थ्रॉटलला ७ पीएसआय (दाबाचं एकक). वर, झाडं संपतात तिथे पोचलात की तसाच थ्रॉटल, तसाच बर्फ, आणि गेज म्हणतं पावणेपाच. गाडी बंद करून डबा खाल्लात, परत सुरू केलीत, की पुन्हा ७. संध्याकाळी खाली उतरताना एकदा ९ च्या वर गेलेला दिसला आणि पोटात गोळा आला. दुकानदार म्हणाला, वेस्टगेटची (बूस्ट ठरलेल्या आकड्यापलीकडे जाऊ नये म्हणून जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वगळून सोडणारी झडप) स्प्रिंग थकली, कडक स्प्रिंग टाका. टाकू का?

नका टाकू. निदान आत्ता तरी नको.

मी अल्बर्टात गेले चौदा हिवाळे याच गाड्या दुरुस्त करतोय. त्याआधी कोल्हापुरात एका गॅरेजमध्ये आरएक्स १०० वर हात काळे केले. टू-स्ट्रोक शेवटी टू-स्ट्रोकच: पिस्टन, रीड व्हॉल्व्ह, प्लगचा रंग, सगळं ओळखीचं. फरक एवढाच की तिकडे इंजिनाच्या तोंडाला कुणी टर्बो जोडत नव्हतं आणि एकाच दिवसात गाडी दीड किलोमीटर उंच चढून परत खाली येत नव्हती. तुमचा घोळ नेमका या दुसऱ्या गोष्टीत आहे.

बूस्ट म्हणजे वजाबाकी. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब वजा बाहेरच्या हवेचा दाब. म्हणजे आकडे दोन लागतात, आणि तुमच्या गेजला सेन्सर आहे एक. मग दुसरा आकडा ते आणतं कुठून? अशा बहुतेक डिजिटल गेजांबरोबर येणारा सेन्सर ॲब्सोल्यूट असतो, म्हणजे संपूर्ण निर्वातापासून मोजतो. गाडी नुसती उभी असतानाही त्याला बाहेरच्या हवेचा दाब दिसतच असतो. चावी फिरवली की गेज पहिल्या क्षणी तो दाब वाचतं, ‘हा माझा शून्य’ म्हणून लक्षात ठेवतं आणि पुढे वीज जाईपर्यंत प्रत्येक वाचनातून तोच वजा करत राहतं. मोटारीत हे चालून जातं. पुणे-नगर रस्त्यावर बाहेरचा दाब असा काय बदलणार? तुम्ही मात्र शून्य पार्किंगमध्ये ठरवता आणि मोजमाप डोंगरावर करता.

आकडे घालून बघू. पार्किंग समुद्रसपाटीपासून ६०० मीटरवर धरा, आणि तुम्ही खेळता तो उतार २१०० मीटरवर. प्रमाण वातावरणाच्या हिशेबाने ६०० मीटरला बाहेरचा दाब साधारण १३.७ पीएसआय, २१०० मीटरला ११.४. फरक २.३. खाली ठरलेला शून्य घेऊन वर गेलात तर खऱ्या ७ मधून हे २.३ जातात आणि उरतात ४.७. हेच तुमचं पावणेपाच. डब्यासाठी गाडी बंद केलीत, परत चालू केलीत, गेजने वरच्या हवेचा नवा शून्य घेतला: ७. आता तो शून्य घेऊन खाली आलात, तर ७ मध्ये २.३ वाढून ९.३. तुमच्या चारही आकड्यांचा हिशेब लागला आणि त्यासाठी इंजिनातली एकही वस्तू बिघडलेली मानावी लागली नाही. स्प्रिंग थकली असती तर डबा खाऊन ती ताजीतवानी झाली नसती.

स्प्रिंगबद्दल आणखी एक. साध्या वेस्टगेट ॲक्च्युएटरमध्ये, म्हणजे वेस्टगेट उघडणाऱ्या डबीत, पडद्याच्या एका बाजूला बूस्टचा दाब असतो आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंग, जिच्या खोलीला बाहेरची हवा लागलेली असते. त्यामुळे ७ पीएसआयची स्प्रिंग कुठेही गेलात तरी बाहेरच्या हवेपेक्षा ७ ने जास्त झालं की उघडते. खाली ७, वर ७. गेज खोटं बोलत होतं तेव्हाही ती आपलं काम बरोबर करत होती. मात्र तुमच्या किटमध्ये इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलर असेल तर हे इतकं सरळ राहत नाही, कारण तो ॲक्च्युएटरपर्यंत पोचणारा दाबच कमी-जास्त करतो. तुम्ही ते लिहिलेलं नाही. ॲक्च्युएटरकडे जाणाऱ्या होजमध्ये मध्येच दोन वायरींची छोटी सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) दिसते का, एवढं बघा.

आता तुम्ही म्हणाल, पण वर गाडी खरंच मंद वाटते हो! वाटणारच. खाली इंजिनाला मिळत होते १३.७ अधिक ७, म्हणजे २०.७ पीएसआय ॲब्सोल्यूट. वर ११.४ अधिक ७, म्हणजे १८.४. बूस्ट तोच, पण सिलिंडरच्या वाट्याची हवा सुमारे अकरा टक्के कमी. गेज चूक आणि गाडी मंद, दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि त्यामुळेच दुकानदाराचं निदान पटण्यासारखं वाटतं. वरही खालच्याइतकीच ताकद हवी असेल तर खरा बूस्ट ९.३ लागेल. कंपनीतून टर्बो लावून येणाऱ्या गाड्या हेच करतात. स्की-डूची २०२० सालची समिट ८५० ई-टेक टर्बो, जी कारखान्यातून आलेली पहिली टर्बो टू-स्ट्रोक स्लेड, ती ८००० फुटांपर्यंत १६५ हॉर्सपॉवर टिकवते असा कंपनीचा दावाच होता. पण तिथे बूस्ट, इंधन आणि इग्निशन एकाच कॉम्प्युटरच्या हातात असतं. तुमच्याकडे कुणीतरी बसवलेलं किट आहे आणि त्याची सेटिंग कोणत्या उंचीला, कोणत्या पेट्रोलवर केली हे तुम्हाला ठाऊक नाही.

कडक स्प्रिंग टाकून वर गेजवर ‘७’ आणले असते तर काय झालं असतं? खरा बूस्ट ९.३. टर्बोला ११.४ चे २०.७ करायचे, म्हणजे दाबाचं गुणोत्तर १.६ वरून १.८ वर. बाहेर उणे १० अंश आहे आणि कॉम्प्रेसर ६५ टक्के कार्यक्षमतेने चालतोय असं धरलं, तर इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) आधी हवा पूर्वी ४९ अंशांच्या आसपास होती ती आता ६५ च्या आसपास. तीच स्प्रिंग घेऊन संध्याकाळी खाली, दाट हवेत आलात की इंजिनाला २३ पीएसआय ॲब्सोल्यूट. ज्या आकड्याला तुमच्या किटचा इंधनाचा नकाशा कदाचित कधी पोचलेलाच नाही. टू-स्ट्रोकमध्ये अशा वेळी डेटोनेशन (सिलिंडरमधलं मिश्रण नियंत्रणाबाहेर भडकणं) सुरू झालं की सूचना फारशी मिळत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात माझ्याच गाडीवर मी हे करून बसलो. गोल्डन गावाच्या बाजूला वर गेलो, गेज दोनने कमी, म्हटलं कंट्रोलर ढिला झाला असेल. हातमोजा काढला, नॉब फिरवला, गेजवर ठरलेला आकडा आला, समाधान झालं. दोन आठवडे मजा. मग मार्चमधल्या जड बर्फात, बऱ्याच खालच्या उंचीवर, एका लांब चढावर पिकअप अचानक मेला. आवाज काही नाही. हेल्मेट आणि टर्बोच्या शिट्टीत आवाज ऐकू येतो कुठे. प्लग काढला तर पांढऱ्या पोर्सेलीनवर राखाडी चकाकणारे बारीक ठिपके, मिरपूड भुरभुरल्यासारखे. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम. हेड उघडल्यावर एक्झॉस्टच्या बाजूची पिस्टनची कड वाळवी लागल्यासारखी खाल्लेली. पिस्टन, सिलिंडरची दुरुस्ती आणि त्या वर्षीचा उरलेला हंगाम, सगळं त्या एका नॉबच्या पायी.

तर आता तपासणी. माझं निदान शंभर टक्के बरोबर धरू नका; मी गाडी पाहिलेली नाही आणि गेज कोणत्या बनावटीचं ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण पुढच्या फेरीतच खात्री होईल. सकाळी पार्किंगमध्ये चावी फिरवून गेज शून्यावर आहे ना बघा. वर गेल्यावर, आकडा कमी दिसू लागला की सपाट, सुरक्षित जागी थांबा आणि इंजिन किल स्विचने बंद करा, चावी तशीच चालू ठेवा. इंजिन बंद, टर्बो बंद, आकडा शून्य हवा. माझा अंदाज खरा असेल तर तो उणे दोन-सव्वादोन दाखवेल. एक गंमत लक्षात ठेवा: काही गेज शून्याखालचा दाब पीएसआयमध्ये न दाखवता पाऱ्याच्या इंचात दाखवतात. मग तिथे ४.७ च्या जवळपास काहीतरी दिसेल आणि तुम्ही म्हणाल हा तर तोच आकडा! तो नव्हे. एकक वेगळं आहे.

गाडीला बॅटरी नसेल, दोरी ओढून सुरू होत असेल, तर इंजिन बंद झालं की गेजही विझणार. मग तेवढ्यापुरतं गेजला वेगळ्या छोट्या १२ व्होल्ट बॅटरीवरून वीज द्या. बॅटरी नसलेल्या गाडीत आणखी एक खोड असते: गेज जागं होतं तेव्हा इंजिन आधीच फिरत असतं. दाब थ्रॉटलच्या आधी घेतला असेल तर फारसं बिघडत नाही, आयडलला तिथे जवळजवळ बाहेरचाच दाब असतो. थ्रॉटलच्या नंतर घेतला असेल तर गेज ओढीच्या, धडधडणाऱ्या दाबालाच शून्य मानतं आणि दिवसभर जास्त दाखवतं.

दुसरी तपासणी घरी, गॅरेजमध्ये. सेन्सरची होज इंजिनावरून काढा. तिला टी जोडा. एका टोकाला सायकलचा पंप, दुसऱ्याला क्वाडच्या (चारचाकी एटीव्हीच्या) टायरसाठी मिळतं ते ० ते १५ पीएसआयचं साधं गेज. मोटारीच्या टायरचं १०० पर्यंतचं गेज नको, त्यावर ७ नीट वाचताच येत नाही. हलक्या हाताने ७ पर्यंत दाब भरा आणि दोन्ही आकडे जुळतात का बघा. मग दोन मिनिटं तसंच सोडा. आकडा घसरला तर होज किंवा जोड गळतोय. जुळले आणि टिकले तर गेज, सेन्सर, होज तिन्ही ठीक. उरला फक्त शून्याचा प्रश्न. आकडा एखाद्या पीएसआयने सतत चुकत असेल तर सेन्सरची अर्थ वायर आधी बघा. ०.५ ते ४.५ व्होल्टमध्ये ३०० किलोपास्कल मावणाऱ्या सेन्सरवर नुसता ०.१ व्होल्टचा फरक म्हणजे १ पीएसआयहून जास्त. गंजलेल्या बोल्टखाली दाबलेली अर्थ एवढा फरक सहज पाडते.

बाहेरचा दाब किती हे कळायला खिशातला फोन पुरतो. बऱ्याच फोनांमध्ये आणि घड्याळांमध्ये बॅरोमीटर असतो. मात्र हवामानाच्या ॲपवर दिसणारा १०१५, १०२० हेक्टोपास्कल हा आकडा घेऊ नका. तो समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. तुम्हाला हवा तो तुम्ही उभे आहात तिथला, न बदललेला. २१०० मीटरला तो ७८५ हेक्टोपास्कलच्या आसपास असायला हवा.

समजा, चाचणीत गेज निर्दोष निघालं आणि तरी वर आकडा खरोखर पडतो. मग मात्र शोध घ्यावा लागेल, आणि तोही स्प्रिंगपासून नव्हे. सगळ्यात आधी हवेच्या तोंडावरची जाळी आणि फिल्टर बघा. खोल पावडरमध्ये ती बर्फाने माखून बंद होते आणि टर्बोला श्वासच मिळत नाही. मग चार्ज पाइपांचे (टर्बोपासून इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या नळ्यांचे) जोड. थंडीत सिलिकॉन होज आखडते, वर्म-ड्राइव्ह क्लॅम्प ढिला पडतो, आणि दाब आला की जोड किंचित सरकून फुसफुसतो. घरी तपासायचं तर पाइप थ्रॉटल बॉडीवरून सोडवून ते टोक बंद करा, टर्बोच्या बाजूने ५-६ पीएसआय हवा भरा आणि साबणाचं पाणी शिंपडा. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बघतो तीच युक्ती. पाइप न सोडवता हवा भरलीत तर ती रीडमधून क्रँककेसमध्ये आणि तिथून एक्झॉस्टला निघून जाईल आणि तुम्ही नसलेली गळती शोधत बसाल.

इंजिनाची ताकद ट्रॅककडे नेणारा बेल्टही विसरू नका. बूस्ट लोडवर तयार होतो. बेल्ट घसरत असेल, क्लचचे वजनदाणे त्या उंचीला जुळत नसतील, तर इंजिनावर लोडच येत नाही. गाडी स्टँडवर उचलून रेस देऊन ‘बूस्ट येत नाही’ म्हणणारे लोक माझ्याकडे दर नोव्हेंबरला येतात. स्टँडवर तो येणारच नाही, आणि तशी रेस देऊही नका. म्हणून गेज नेहमी आरपीएमच्या जोडीने वाचा. आरपीएम जिथे हवा तिथे आहे आणि बूस्ट कमी आहे, तर हवेच्या वाटेवर संशय घ्या. आरपीएम वर पळतोय आणि बूस्ट कमी आहे, तर आधी बेल्ट आणि क्लच.

जोडणीबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, ‘जवळची एक होज सापडली, तिला टी मारून दिलं’. मला तुमच्या पूर्ण प्रश्नात हीच ओळ सगळ्यात जास्त खटकली. कोणती होज? ती वेस्टगेटला जाणारी असेल तर आज संध्याकाळीच काढा. तुमच्या गेजची नळी निसटली किंवा वितळली की ॲक्च्युएटरला दाब पोचत नाही, वेस्टगेट उघडत नाही आणि बूस्ट चढतच जातो. शिवाय गेज त्याच वेळी शून्य दाखवत असतं. इंधनाच्या प्रेशर रेग्युलेटरच्या होजलाही तोच नियम. रेग्युलेटर बूस्टइतकाच इंधनाचा दाब वाढवतो. त्याची होज गळली की ऐन बूस्टमध्ये इंजेक्टरला दाब कमी आणि मिश्रण पातळ. गेजला स्वतंत्र भोक द्यावं: थ्रॉटलच्या आधी, इंटरकूलरच्या नंतर, सरळ पाइपवर किंवा प्लेनमवर (थ्रॉटलच्या आधीच्या हवेच्या पेटीवर). आटे पाडताना पाइप काढून घ्या, ॲल्युमिनियमचा एक कीसही आत राहता कामा नये.

थ्रॉटलच्या नंतर भोक का नाही? चारचाकीवाले तिथेच घेतात. पण टू-स्ट्रोकमध्ये रीडच्या तोंडाशी हवा सतत उसळ्या मारते, तेलाचं धुकं असतं, आकडा थरथरतो आणि सेन्सरच्या तोंडावर चिकट थर बसतो. तरीही थरथर राहिली तर नळीत पितळेचा बारीक भोकाचा रेस्ट्रिक्टर घालतात. घाला, पण अगदी केसाएवढं भोक नको. तसं केलंत तर काटा छान स्थिर होतो, आणि क्षणभराचा स्पाइक, जो पकडण्यासाठी गेज लावलं, तोच दिसेनासा होतो. थोडी थरथर मला चालते.

थंडीतला खरा शत्रू पाणी. गरम, ओलसर हवा नळीत जाते, रात्री ट्रेलरवर उणे २५ मध्ये तिचा थेंब होतो, थेंबाचा बर्फ. सकाळी गेज शून्यावरच मेलेलं. उपाय फुकटचा आहे: सेन्सर भोकापेक्षा उंच लावा, त्याचं तोंड खाली करा, आणि नळी भोकापासून सेन्सरपर्यंत सतत चढती ठेवा. मध्ये कुठेही पोट सुटलेलं नको. जिथे नळी लोंबेल तिथे पाणी साचेल. नळी आखूड ठेवा, एक्झॉस्टपासून हातभर लांब. गेजबरोबर येणारी पातळ कडक प्लास्टिकची नळी सरळ कचऱ्यात टाका. थंडीत ती काडीसारखी मोडते आणि उष्णतेला मेणासारखी वाकते.

मेकॅनिकल, काट्याचं गेज घेऊ का, असंही तुम्ही शेवटी विचारलंत. त्याला वीज लागत नाही, हा मोठा गुण. पण त्याची डबी हवाबंद असेल तर तेच दुखणं दुसऱ्या वाटेने येतं. महाबळेश्वरला जाताना वेफर्सचं पाकीट टम्म फुगतं ना? आतली हवा खालचीच राहते, बाहेरची विरळ होते. हवाबंद गेजच्या डबीत हेच होतं, आणि काटा वर कमी दाखवतो. त्यात थंडीने आतली हवा आकसली की उलट दिशेने चूक. ग्लिसरीन भरलेल्या गेजवर रबराची छोटी गुंडी असते, ती कापून किंवा उघडून डबीला बाहेरची हवा द्यायची असते. बहुतेक जण ती तशीच ठेवतात. शिवाय ग्लिसरीन कडाक्याच्या थंडीत मधासारखं घट्ट होतं आणि काटा डुलत डुलत येतो.

मी स्वतः काय वापरतो? किलोपास्कल ॲब्सोल्यूट दाखवणारं गेज. बूस्ट नाहीच. सुरुवातीला विचित्र वाटतं, कारण गाडी उभी असताना ते ८० किंवा ९४ दाखवतं. पण शून्य ठरवण्याची भानगडच संपते, आणि उभ्या गाडीत तो आकडा फोनच्या बॅरोमीटरशी जुळला की सेन्सर जिवंत आहे हे रोज फुकटात कळतं. तुमच्या गाडीचे आकडे त्यात असे येतील: पार्किंगला फुल थ्रॉटल सुमारे १४३, वर सुमारे १२७. इंजिनाला किती हवा मिळतेय ते सरळ समोर. हँडलबारवर पट्टी चिकटवून तिच्यावर तुमच्या ट्यूनरने सांगितलेली कमाल मर्यादा लिहा आणि गेजचा इशारा दिवा त्याच्या जरा वर लावा. दिवा नजरेच्या टप्प्यात हवा. चढावर झाडांमधून जाताना आकडे वाचत बसणारा माणूस झाडात जातो. पैसे घालायचे नसतील तर तुमचंच गेज चालवा, फक्त दर तीन-चारशे मीटर चढ-उतारानंतर इंजिन बंद करून चावी फिरवून नवा शून्य घ्या. जुगाड आहे, पण खोटा नाही. गेजचा पडदा एलसीडीचा असेल तर उणे २५ च्या खाली आकडे आळशीपणे बदलतात, तेव्हा पीक-होल्डवर (सर्वांत मोठा आकडा धरून ठेवणाऱ्या सोयीवर) जास्त भरवसा ठेवा.

बूस्टच्या आकड्याने पिस्टन वाचतो असं मात्र समजू नका. तो फक्त हवा सांगतो. इंधन पुरेसं येतंय का हे इंधनाच्या दाबाचं गेज आणि वाइडबँड (एक्झॉस्टवरून हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा सेन्सर) सांगतात, आणि पेट्रोल कसलं घातलंय हे कुठलंच गेज सांगत नाही. तुमच्या किटला ९१ ऑक्टेन चालतं की ९४ लागतं, हे मागच्या मालकाला आजच विचारा. त्याच फोनमध्ये हेही विचारा की इंधन वाढवणारा कंट्रोलर स्वतःचा प्रेशर सेन्सर वापरतो का, आणि त्याचा शून्य कुठून येतो. तोही चावी फिरवतानाचाच घेत असेल, तर तुमच्या गेजवर जी चूक नुसती दिसते तीच तिथे इंधन कमी करत असेल. तसं असेल तर उत्तर कळेपर्यंत वर फुल थ्रॉटल टाळा. आणि हो, रेव्हलस्टोकला जाताय तर निघण्याआधी अव्हलांच कॅनडाचा त्या दिवसाचा हिमस्खलनाचा अंदाज वाचत असालच अशी आशा आहे. तो आकडा बूस्टच्या आधी येतो.

पुढच्या फेरीनंतर मला तीन गोष्टी लिहा: वर इंजिन बंद असताना गेजने दाखवलेला आकडा, त्याच जागी फोनचा बॅरोमीटर, आणि ती ‘जवळची होज’ नेमकी कुठून कुठे जाते त्याचा फोटो. फोटो आधी पाठवलात तरी चालेल.